दोन्ही बाजू बरोबर असताना

उदाहरणादाखल एक अगदी रोजचा व्यवहार घेऊ. चाकणचा एक कारखाना मुंबईतल्या व्यापाऱ्याला यंत्राचे सुटे भाग विकतो. व्यापाऱ्याने ते आधीच फोंड्यातल्या एका गिऱ्हाइकाला विकलेले असतात, म्हणून तो कारखान्याला कळवतो की माल मुंबईला आणू नका, थेट गोव्याला रवाना करा. कारखान्याच्या संगणकप्रणालीत बिल तयार होते, त्याचा मजकूर जेसन या मांडणीत बसवून वेब सेवेमार्फत सरकारच्या इन्व्हॉइस रजिस्ट्रेशन पोर्टलकडे जातो, आणि काही क्षणांत नकार येतो: व्यवहार राज्यांतर्गत आहे, इथे आयजीएसटी (राज्याराज्यांमधल्या व्यवहाराचा कर) लागू होत नाही, सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या व्यवहाराचे केंद्र व राज्य कर) लावा. ट्रक दारात उभा आहे. आयटी विभागातला माणूस बिल उघडून बघतो. विक्रेता महाराष्ट्रातला, माल चाललाय गोव्याला, कर लावलाय आयजीएसटी. त्याला यात काहीच वावगे दिसत नाही. मग त्याची नजर ‘पुरवठ्याचे ठिकाण’ या रकान्यावर जाते. तिथे २७, म्हणजे महाराष्ट्राचा क्रमांक पडला आहे. तो तिथे गोव्याचा ३० टाकतो, बिल पुन्हा पाठवतो, पोर्टल ते स्वीकारते, ट्रक निघतो आणि तक्रार बंद होते.

खरी चूक त्या क्षणी घडते. एकात्मिक वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १० मध्ये नेमक्या या प्रसंगाची तरतूद आहे. तिसऱ्या व्यक्तीच्या सांगण्यावरून माल भलत्याच पत्त्यावर पोचवला, तरी तो त्या तिसऱ्या व्यक्तीलाच मिळाला असे धरायचे, आणि तिच्या व्यवसायाचे मुख्य ठिकाण हेच पुरवठ्याचे ठिकाण मानायचे. इथे ती व्यक्ती म्हणजे मुंबईचा व्यापारी. म्हणजे चाके गोव्याकडे वळली तरी कारखाना आणि व्यापारी यांच्यातला व्यवहार कायद्याच्या नजरेत महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातच झाला. पोर्टलचा पहिला नकार बिनचूक होता आणि २७ हा आकडाही बिनचूक होता. कारखान्याच्या प्रणालीतल्या ज्या भागाने कर काढला, त्याने ‘राज्य’ म्हणून माल उतरवायचा पत्ता वाचला. ज्या भागाने पुरवठ्याचे ठिकाण भरले, त्याने ‘राज्य’ म्हणून गिऱ्हाइकाच्या खात्यावरचा पत्ता वाचला. दोन्ही पत्ते खरे आहेत. दोघांनीही आपापले काम चोख केले आहे. ‘दुरुस्ती’नंतर बिलातले दोन रकाने एकमेकांशी जुळले, आणि पुरवठ्याचे ठिकाण विक्रेत्यानेच सांगायचे असल्यामुळे पोर्टलला हरकत घ्यायला जागा उरली नाही. आता असे प्रत्येक बिल मुकाट्याने स्वीकारले जाईल आणि प्रत्येक बिलावर चुकीच्या प्रकारचा कर भरला जाईल.

मोठ्या संस्थांच्या वेब सेवांमध्ये डेटा मॉडेलच्या ज्या चुका होतात, त्यांतल्या बहुतेकींचा स्वभाव असाच असतो. डेटा मॉडेल म्हणजे माहितीचे कोणते तुकडे ठेवायचे, त्यांची नावे काय, प्रकार काय, कोणता तुकडा कशाशी बांधलेला, आणि प्रत्येकाचा अर्थ काय, याबद्दलचा करार. नावे आणि प्रकार कागदावर उतरतात. अर्थ मात्र बऱ्याचदा तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात राहतो, आणि दोन सेवा एकमेकींशी बोलू लागल्या की एकीने एका अर्थाने लिहिलेले दुसरी दुसऱ्याच अर्थाने वाचते. अशा वेळी सुटी तपासलेली प्रत्येक गोष्ट बरोबर निघते. म्हणून या प्रकरणात एकच मुद्दा लावून धरायचा आहे: एरर जिथे दिसते तिथे विसंगती फक्त उघड झालेली असते, ती सुरू झालेली असते अर्थ बदलला त्या जागी. तिथपर्यंत न पोचता एरर बंद करणे म्हणजे बोलणाऱ्या सेवेचे तोंड बंद करणे. नाकारलेल्या बिलाने एक ट्रक अडतो; स्वीकारलेली चूक मात्र महिनोन्महिने पुढे जात राहते.

याचा सर्वांत लख्ख पुरावा वेब सेवांच्या बाहेरचा आहे, पण तो दोन संस्थांमधल्या फाइलींच्या देवघेवीचाच आहे. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर ११ डिसेंबर १९९८ रोजी निघाले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाच्या आड गेले ते परत दिसलेच नाही. ते मंगळापासून साधारण २२६ किलोमीटरवरून जायचे होते. नंतरच्या हिशेबात ते ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेल्याचे दिसले. कारण आता सर्वांना ठाऊक आहे: यान बांधणाऱ्या लॉकहीड मार्टिनकडच्या सॉफ्टवेअरने छोट्या इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदांत लिहिले, आणि जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या मार्गनिर्देशकांनी ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. प्रत्येक धक्का खऱ्यापेक्षा सुमारे ४.४५ पटींनी लहान धरला गेला. पण चौकशी अहवालातला एक कमी चर्चिलेला तपशील आपल्या विषयासाठी त्याहून मोलाचा आहे. उड्डाणानंतरचे पहिले चार महिने या फाइली वापरताच आल्या नव्हत्या, कारण त्यांच्या मांडणीत चुका होत्या. त्या चुका उघड होत्या, म्हणून त्यांच्या मागे लागून त्या दुरुस्त केल्या गेल्या. एप्रिल १९९९ मध्ये फाइली नीट वाचता येऊ लागल्या, आणि त्या वाचता येऊ लागल्यावर आठवड्याभरातच आकडे कुठेतरी कमी पडताहेत असे दिसू लागले. ती शंका मात्र तडीस गेली नाही. एकक मेट्रिक असावे असे दोन्ही संस्थांमधल्या दस्तऐवजात लिहिलेले होते. फाइलीत मात्र नुसता आकडा होता आणि तो कोणत्या मापाने मोजलाय हे सांगणारे काहीही त्याच्यासोबत जात नव्हते. मांडणी दुरुस्त झाली, अर्थ तसाच राहिला. ही दोन कामे वेगळी आहेत, आणि पहिले पुरे झाल्याच्या समाधानात दुसरे राहून जाते, हे या यानाच्या कहाणीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

तेव्हा तपासाची सुरुवात एररच्या मजकुराने करायची, पण तिथे थांबायचे नाही. एरर कधी येते आणि कधी येत नाही, याचा नमुना तिच्या शब्दांपेक्षा जास्त बोलका असतो. तारखांचे उदाहरण घ्या. ई-इन्व्हॉइसच्या, म्हणजे त्या पोर्टलवर नोंदवायच्या बिलाच्या, आराखड्यात तारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहायची असते. कंपनीच्या आतल्या एखाद्या अमेरिकी बनावटीच्या सॉफ्टवेअरमध्ये महिना आधी असू शकतो. या दोघांत गफलत झाली तर महिन्याच्या १३ तारखेपासून पुढे सगळी बिले नाकारली जातील, कारण तेरावा महिना नसतो. एक ते बारा तारखांना मात्र सगळे शांत असेल. लॉग बघणारा म्हणेल, ‘महिन्याच्या उत्तरार्धात अडचण येते, सर्व्हरवर ताण असेल.’ प्रत्यक्षात उत्तरार्ध निरोगी आहे, कारण तिथे निदान नकार तरी मिळतोय. बिघाड पूर्वार्धात आहे: ५ मार्चचे बिल ३ मे म्हणून वाचले जातेय आणि कोणी काही बोलत नाही. वर्षातल्या १४४ तारखा दोन्ही क्रमांनी वाचता येतात, त्यांतल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा १२ उलट्या वाचल्या तरी त्याच राहतात, म्हणजे वर्षाचे १३२ दिवस असे आहेत की ज्या दिवशी ही चूक बिनआवाजाची असते. भविष्यातल्या तारखा नाकारणारी एखादी तपासणी असेल तर त्यांतल्या काही अडतील. मागच्या तारखा तरीही सुटतील. १३ हा आकडा एकदा ध्यानात आला की तपास चार दिवसांऐवजी चार मिनिटांत संपतो. विशेष म्हणजे नकार मिळालेली एकही नोंद न उघडता, नकार न मिळालेल्या दिवसांकडे बघून तो संपतो.

आकड्यांसारख्या दिसणाऱ्या पण आकडे नसलेल्या गोष्टींची तऱ्हा निराळी. काजूचा एचएसएन, म्हणजे वस्तूच्या वर्गीकरणाचा, संकेतांक ०८०१ ने सुरू होतो, दुधाचा ०४०१ ने. कोकणातला काजूचा व्यापारी किंवा एखादा दूध संघ आपली वस्तूंची यादी एक्सेलमधून प्रणालीत भरतो तेव्हा पहिले शून्य गळून पडते, कारण एक्सेलला ते संख्येपुढचे निरर्थक शून्य वाटते. संकेतांकावर कोणी बेरीज-वजाबाकी करत नाही. ते एक नाव आहे, योगायोगाने अंकांत लिहिलेले. इथे निदान संकेतांकाची लांबी बिघडते, म्हणून नकार मिळतो. असे नशीब सर्वांच्या वाट्याला येत नाही. जनुकशास्त्रात मार्च-१ आणि सेप्ट-२ अशी नावे असलेली जनुके एक्सेलमध्ये तारखा होऊन बसत, आणि त्या तशाच शोधनिबंधांच्या पुरवण्यांत छापल्या जात. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने अशी नावेच बदलल्याचे जाहीर केले. साधन बदलेना म्हणून शास्त्राने आपला शब्द बदलायचा, हे मला मनापासून खटकते. पण हजारो प्रयोगशाळांना शिस्त लावण्यापेक्षा ते व्यवहार्य होते, हेही मान्य करावे लागते.

मोठ्या संख्यांच्या बाबतीत तर बिघाड डोळ्यांसमोर असून दिसत नाही. जेसनमध्ये संख्या कितीही मोठी लिहिता येते, पण ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट ती ज्या प्रकारात साठवते त्यात ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ च्या पुढचे पूर्णांक नेमके राहतील याची हमी नसते. सतरा-अठरा अंकी व्यवहार क्रमांक संख्या म्हणून पाठवला तर शेवटचे एक-दोन अंक हळूच बदलतात. आलेला क्रमांक दिसायला धडधाकट असतो, फक्त तो दुसऱ्याच कोणाच्या व्यवहाराचा असतो किंवा कोणाचाच नसतो. ट्विटरने २०१० मध्ये आपले संदेश क्रमांक मोठे केले तेव्हा तोच क्रमांक अक्षरांच्या रूपात देणारा दुसरा रकाना मुद्दाम जोडला, तो याच कारणाने. तपास करणाऱ्याने इथे एक सापळा ओळखायला हवा: सेवेचे उत्तर ब्राउझरमध्ये उघडून पाहिले तर पाहण्याच्या साधनानेच अंक बदललेले असू शकतात. एक्सेलमध्ये फाइल उघडून ‘शून्य गळलेय का’ बघणाऱ्याचीही तीच गत. म्हणून पडद्यावर दिसते त्यावर विसंबायचे नाही. प्रत्येक टप्प्यावर, म्हणजे हिशेबाच्या प्रणालीतून बाहेर पडताना, मधल्या सेवेत शिरताना, तिथून निघताना आणि पोर्टलच्या दारात, तारेवरून गेलेला मूळ मजकूर अक्षरशः जसाच्या तसा जपून ठेवावा आणि लागोपाठच्या दोन टप्प्यांतला फरक बघावा. ज्या दोन टप्प्यांच्या मध्ये मजकूर बदलला, तिथे बिघाड. कुठेच मजकूर बदलला नाही आणि तरीही निकाल चुकला, तर त्याचाही अर्थ आहे: अक्षरे तीच राहून अर्थ बदलला आहे, आणि आता प्रोग्रामरला सोडून लेखापालाला, गोदामवाल्याला, कर सल्लागाराला विचारायची वेळ आली आहे.

रिकामेपणाच्या बाबतीत ही विचारपूस सर्वांत जास्त लागते. गिऱ्हाइकाचा फोन नंबर ‘नाही’, ‘माहीत नाही’, ‘विचारलाच नाही’ आणि ‘होता, आता काढून टाका’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत, पण बहुतेक प्रणालींत चौघींसाठी एकच रिकामी जागा असते. नोंदीत बदल सुचवण्यासाठी जेसनचा जो मर्ज पॅच नावाचा प्रमाणित प्रकार आहे, त्यात रकाना पाठवलाच नाही तर ‘जुने ठेवा’ आणि ‘नल’, म्हणजे रिकामी किंमत, पाठवला तर ‘पुसून टाका’ असा अर्थ होतो. पाठवणाऱ्याची भाषा हे दोन्ही सारखेच लिहीत असेल, तर पत्ता बदलायला गेलेली विनंती फोन नंबर पुसून येते. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत नल संदर्भाची सोय केली आणि २००९ मध्ये स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. रिकाम्या जागेची अडचण टाळायला खोटी किंमत भरणे हा दुसरा मार्ग. ई-इन्व्हॉइसमध्ये परदेशी गिऱ्हाइकाला भारतीय पिन कोड नसतो, म्हणून निर्यातीच्या बिलात ९९९९९९ लिहायचे आणि राज्याच्या जागी ९६. हा करार उघड आणि लिखित आहे, म्हणून तो पोर्टलपुरता ठीक चालतो. पण हीच बिले पुढे विक्रीचा अभ्यास करणाऱ्या सेवेकडे गेली, आणि त्या सेवेला हा करार कोणी सांगितला नाही, तर ९९९९९९ हा देशातला सर्वांत मोठा ग्राहक असलेला पिन कोड ठरेल.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जुना आणि भारदस्त आहे. इंटरनेटच्या पायाभूत नियमावल्या लिहिणारे जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये असे तत्त्व मांडले की आपण पाठवताना काटेकोर असावे आणि घेताना उदार असावे. याच उदारपणावर इंटरनेट वाढले. मग सेवांनी लहानसहान गोष्टींवरून नकार द्यावा असे कसे म्हणता येईल? या तत्त्वाचा मान राखूनही त्याचा पुढचा इतिहास बघायला हवा. घेणारा उदार झाला की पाठवणाऱ्याला आपली चूक कळत नाही. ती चूक रूढ होते, मग नव्या घेणाऱ्यांना तीही सांभाळावी लागते, आणि काही वर्षांनी लिखित करार एक व प्रत्यक्ष करार दुसराच अशी स्थिती येते. २०२३ मध्ये इंटरनेटच्या मानकांच्या मंडळींनीच, आरएफसी ९४१३ या दस्तऐवजात, हा दीर्घकालीन तोटा मांडला आहे. पण याचा अर्थ लवचिकता नकोच, असा नाही. ई-इन्व्हॉइसमध्ये बेरजा जुळवताना एक रुपया इकडेतिकडे चालतो, कारण कोणी प्रत्येक ओळीवर पैसे पूर्णांकात आणतो, कोणी शेवटी एकदाच. ही लवचिकता आराखड्यातच लिहिलेली आहे, तिची मर्यादा सर्वांना माहीत आहे, आणि दोन रुपयांच्या फरकाला नकार मिळतो. लिहून दिलेली सूट हा कराराचा भाग असतो. न सांगता दिलेली सूट मात्र करार पोखरते.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. अर्थभेदातूनच चुका होत असतील, तर संपूर्ण संस्थेसाठी एकच सर्वमान्य डेटा मॉडेल का करू नये? ‘ग्राहक’ म्हणजे काय ते एकदाच ठरवा आणि सर्व सेवांना बंधनकारक करा. हा विचार मोहक आहे आणि अनेक मोठ्या संस्थांनी त्यावर बराच पैसा आणि वर्षे घालवली आहेत. अडचण अशी की चाकणच्या कारखान्यात माल रवाना करणाऱ्याचा ग्राहक खरोखरच फोंड्यात आहे आणि पैसे वसूल करणाऱ्याचा खरोखरच मुंबईत. विक्री विभागाला तर मुंबईच्या व्यापाऱ्यामागे असलेले फोंड्याचे गिऱ्हाईक हेच उद्याचा थेट ग्राहक वाटतो. या तिघांना एका व्याख्येत कोंबले तर व्याख्या इतकी सैल होते की तिच्यातून काहीच निष्पन्न होत नाही, किंवा इतकी बोजड होते की प्रत्येक विभाग तिच्यातले हवे ते चार रकाने आपल्या अर्थाने वापरू लागतो, आणि भेद होता तिथेच राहून वर एकवाक्यतेचा आभास तयार होतो. एरिक इव्हान्स यांनी सॉफ्टवेअर रचनेवरच्या २००३ च्या आपल्या पुस्तकात याऐवजी असे सुचवले की प्रत्येक मॉडेलला स्वतःची हद्द असू द्यावी आणि हद्दीवर भाषांतर उघडपणे करावे. मला हा मार्ग पटतो, कारण त्यात मतभेद दडपावे लागत नाहीत. ते कुठे आहेत हे प्रत्येकाला माहीत असते. ‘ग्राहकाचे राज्य’ हा रकाना काढून टाकून ‘बिल ज्याच्या नावे त्याचे राज्य’, ‘माल उतरेल ते राज्य’ आणि ‘पुरवठ्याचे राज्य’ असे तीन रकाने केले असते, तर चाकणच्या प्रोग्रामरला ‘यांतले कोणते?’ हा प्रश्न स्वतःला विचारावाच लागला असता, आणि त्याचे उत्तर त्याच्याजवळ नाही हे त्याला पहिल्याच दिवशी कळले असते.

तिसरा आक्षेप दारात उभ्या असलेल्या ट्रकचा, आणि तो सर्वांत खरा आहे. ज्यांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे (१ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेले व्यवसाय), त्यांचे बिल पोर्टलवर नोंदल्याशिवाय कायद्याने बिलच ठरत नाही. नाकारलेले बिल म्हणजे थांबलेला माल, थांबलेला चालक, चिडलेला ग्राहक. अशा वेळी कलम १० वर चर्चा करा असे सांगणे क्रूर वाटेल. पण या आक्षेपात एक गृहीतक दडलेले आहे: निर्णय रात्री आठ वाजता, ट्रकच्या शेजारी, आयटीच्या माणसानेच घ्यायचा असतो. तो निर्णय त्याचा नाहीच. नकार मिळालेले बिल मूळ रूपात एका वेगळ्या रांगेत थांबवावे, त्याच्यासोबत एररचा क्रमांक आणि जुळत नसलेले दोन रकाने शेजारी शेजारी दाखवावेत, आणि कर जाणणाऱ्या माणसाला ते लगेच दिसावे, एवढी सोय आधी करून ठेवली तर उत्तर पाच मिनिटांत मिळते. त्या ट्रकपुरता कर हाताने बदलून माल सोडता येतो, कारण योग्य उत्तर माहीत आहे. धोका हाताने बदलण्यात नसतो. अर्थ न विचारता बदलण्यात असतो. त्याहून मोठा धोका तोच बदल कोडमध्ये ‘अमुक क्रमांकाची एरर आली तर तमुक करा’ असा कायमचा लिहून ठेवण्यात असतो.

आराखड्याची तपासणी काटेकोर केली की काम झाले, असे समजणाऱ्यांनाही एक सांगायला हवे. आराखडा एका वेळी एक संदेश बघतो. न आलेला संदेश त्याला दिसत नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ कोविड रुग्ण राष्ट्रीय आकडेवारीतून गळले. प्रयोगशाळांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ओतले जात होते, तिच्यात ६५,५३६ ओळींपुढे जागा नसते, आणि वरचे निकाल तिथेच राहिले. आत आलेली प्रत्येक ओळ निर्दोष होती. हे पकडण्याचा उपाय साधा आणि जुना आहे, जो आपल्याकडचा कोणताही जमाखर्च लिहिणारा रोज करतो: पाठवले किती, पोचले किती, दोन्हीकडची बेरीज किती. वेब सेवांच्या जगात हा मेळ घालण्याचा कंटाळा का केला जातो, हे मला उमगलेले नाही.

एकच गोष्ट दोनदा आली की नाही, हा प्रश्नही अखेर अर्थाचाच असतो. ई-इन्व्हॉइसचा आयआरएन हा ६४ अक्षरांचा ओळखक्रमांक विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक या चार गोष्टींतूनच निघतो. रक्कम त्यात नाही, ग्राहक त्यात नाही. उत्तर यायच्या आत संपर्क तुटला आणि प्रणालीने बिल पुन्हा पाठवले, तर २१५० क्रमांकाची ‘डुप्लिकेट’ एरर येते. ती बघून बिल क्रमांक बदलून नवे बिल पाठवणे म्हणजे एकाच विक्रीची दोन बिले करणे. त्या एररचा खरा अर्थ ‘पहिले पोचले आहे’ असा आहे. तेव्हा आधीच तयार झालेला आयआरएन मागवून घ्यायचा. पण ‘तोच क्रमांक’ म्हणजे काय? एखाद्या कंपनीने एका शाखेची मालिका छोट्या लिपीतल्या इंग्रजी पी अक्षराने आणि दुसऱ्या शाखेची मोठ्या पीने सुरू केली असेल, तर पोर्टलच्या लेखी ती अनेक वर्षे दोन वेगळी बिले होती, आणि जीएसटीआर-१ या विवरणपत्रात मात्र एकच. १ जून २०२५ पासून पोर्टलने सर्व अक्षरे मोठी करूनच आयआरएन काढायला सुरुवात केली. म्हणजे दोन सरकारी सेवांमधला अर्थभेद मिटला, आणि तो भेद गृहीत धरून ज्यांनी मालिका आखल्या होत्या त्यांच्या दारात एका दिवसात डुप्लिकेटची एरर येऊन उभी राहिली असणार.

कारण सापडले आणि पुढची बिले सुधारली, की काम संपल्यासारखे वाटते. खरे तर ते मध्यावर आलेले असते. आता मागे जायचे असते, आणि कारण जितके नेमके सापडले असेल तितका हा मागचा शोध आटोक्यात राहतो. तारखेची गफलत असेल तर प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखांचीच बिले बघायची. पुरवठ्याच्या ठिकाणाची असेल तर बिलाचे राज्य आणि माल उतरण्याचे राज्य वेगळे आहे तेवढीच. ही यादी करताना कळते की पोर्टलवर नोंदलेले ई-इन्व्हॉइस तिथल्या तिथे रद्द करायला फक्त २४ तास मिळतात, आणि रद्द केले तरी तोच क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, कारण त्यातून तोच आयआरएन निघतो. त्यापुढचा रस्ता क्रेडिट नोटचा आणि विवरणपत्रातल्या दुरुस्तीचा. राज्यांतर्गत व्यवहाराला आंतरराज्य समजून भरलेल्या कराबाबत केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम ७७ आणि एकात्मिक कायद्याचे कलम १९ असे सांगतात की योग्य कर आता भरा आणि चुकीचा भरलेला परत मागा. योग्य करावर व्याज लागत नाही, पण रक्कम दोनदा गुंतून पडते. शिवाय मुंबईच्या त्या व्यापाऱ्याने आयजीएसटीची जमा आपल्या खात्यात घेऊन कदाचित वापरूनही टाकलेली असते, आणि त्याच्या लेखापालाला प्रत्येक बिलाचा क्रमांक सांगून त्याच्याकडच्या नोंदी बदलून घ्याव्या लागतात.